तराजू मागणारी माणसे

चिलीच्या अटाकामा वाळवंटात हम्बरस्टोन आणि सांता लॉरा ही दोन ओसाड गावे आहेत. तिथे जमिनीतून सोरा काढला जाई. युरोपातल्या शेतांना खत आणि तोफांना दारू त्यातूनच मिळे. पुढे जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत तयार होऊ लागले आणि सोऱ्याचा भाव गेला. १९६० मध्ये हम्बरस्टोन बंद पडले. २००५ साली युनेस्कोने दोन्ही गावांना जागतिक वारसा ठरवले. नाट्यगृह, लोखंडी पोहण्याचा तलाव, शाळा आज जपून ठेवली आहे.

जिथे पिळवणूक झाली त्या जागेला 'वारसा' म्हणावे काय?

सोऱ्याच्या गावांत मजुरीपोटी कंपनीची टोकने मिळत. ती कंपनीच्याच दुकानात चालत. डिसेंबर १९०७ मध्ये हजारो मजूर इकीके बंदरात जमले. टोकनची पूर्ण किंमत मिळावी, दुकानाबाहेर वजनमाप तपासायला तराजू असावा, रात्रशाळेसाठी जागा द्यावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. २१ डिसेंबरला सांता मारिया शाळेत उतरलेल्या या माणसांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. मेलेल्यांचा आकडा आजही वादात आहे. रात्रशाळा मागणाऱ्यांना शाळेतच मारले, हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना माझा आवाज लागेना.

तराजू म्हटला की हजरत शुऐब (अलै.) आणि मदयनवाले आठवतात. माप पुरे द्या, असे ते कौमला सांगत राहिले. उजाड वस्त्या पाहाव्यात, असे कुरआनही सांगतो, पण इबरत घेण्यासाठी. तबूकच्या वाटेवर हिज्रच्या अवशेषांजवळून जाताना पैगंबरांनी (स.) सोबत्यांना तिथे रडतच जाण्यास सांगितले. ते हिज्रही २००८ पासून जागतिक वारसा आहे.

मात्र एक फरक आहे. हिज्रची घरे जुलूम करणाऱ्यांची होती. अटाकामात नफा समुद्रापार गेला आणि मागे मजुरांच्या खोल्या राहिल्या. तिथे जन्मलेली माणसे दर नोव्हेंबरात परत येतात, जुने दिवस जागवतात. त्यांच्या लेखी ते माहेर आहे. ते पाडून टाकणे म्हणजे त्यांची गवाहीच पुसणे.

म्हणून जपावे, असेच मला वाटते. पण यंत्रे पाहून वाहवा करणाऱ्याला त्या टोकनांचा हिशेबही दाखवावा. १९०७ साली मागितलेला तराजू निदान आता तरी दुकानाच्या दाराशी ठेवावा.