खोड कोणी सांगायची?

बैल विकणं आणि बैल बदलणं हे दोन्ही व्यवहार एकाच बाजारात, एकाच झाडाखाली होतात, म्हणून ते एकच वाटतात. तसं नाही. विकणाऱ्याला पैसा हवा असतो. लेकीचं लग्न असतं, सोसायटीचं कर्ज असतं, दवाखाना असतो. पुष्कळदा दावणीचा सगळ्यात चांगला बैलच त्यासाठी बाजारात उभा राहतो, कारण पैसा त्यालाच येतो. बदलायला आणलेल्या बैलाचं निराळं. तो धन्याला नको झालेला असतो, आणि समोर ज्याचा कासरा दुसऱ्याच्या हातात आहे तोही त्याच्या धन्याला नको झालेला असतो. दोन माणसं आपापली अडचण एकमेकांच्या गळ्यात घालतात आणि दोघंही खुशीत घरी जातात.

आदिलाबाद जिल्ह्याचा पैनगंगेकडचा भाग, बेला-जैनथची काळी जमीन, या देवघेवीच्या वाटेवरच आहे. हैदराबाद संस्थानात किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादलाच जोडलेले होते. राज्यांची फेररचना झाली तेव्हा, १९५६ साली, ते वेगळे झाले. मध्ये हद्द आली, पण सोयरिकी आणि जनावरं यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. पलीकडे नांदेड लाल कंधारी जातीच्या गुरांचा मुलूख, वर्धा गवळाऊ जातीचा. अलीकडे उटनूर-इंद्रवेल्लीच्या डोंगरात गोंड आणि कोलाम शेतकऱ्यांची लहान चणीची, काटक गावठी जनावरं. केसलापूरच्या नागोबाला पौषात मेश्राम कुळाच्या लोकांच्या बैलगाड्या निघतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा तर जनावरांच्या बाजारासाठीच अर्ध्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. या पट्ट्यात बैल बदलणं ही नवलाची गोष्ट नाही, आणि मी तिला सरसकट वाईटही म्हणणार नाही.

कारण बदलाबदलीचं एक निखळ चांगलं कारण आहे, ते म्हणजे जोड. साप चावून, वीज पडून जोडीतला एक बैल गेला की उरलेला निम्म्याहूनही कमी होतो. त्याला उंचीचा, चालीचा जोडीदार लागतो, आणि जो उजव्या बाजूने चालायला शिकलाय त्याला डावीकडचा लागतो. कपाशीत डवरणी करताना एक बैल पुढे ओढतो आणि एक मागे रेंगाळतो, तेव्हा तास मोडतो, झाडं तुडवली जातात आणि जू एका मानेवर कलतं. ती मान सुजते. अशा दोन घरच्या दोन विजोड बैलांची अदलाबदल झाली तर दोन जोड्या लागतात. माणसांचं भलं होतं, बैलांचंही होतं. हा व्यवहार मला पैशाने केलेल्या कुठल्याही खरेदीपेक्षा सरस वाटतो, कारण त्यात जनावराची गरज हिशेबात धरलेली असते.

पण याच व्यवहाराच्या आडून दुसराही चालतो. बैल मारकुटा असतो. किंवा बसका असतो, म्हणजे भर तासात जू टाकून खाली बसतो आणि उठत नाही. किंवा सकाळी चालतो आणि उन्हं चढली की धापा टाकतो. ही खोड बाजारात दिसत नाही. बाजारात दिसतात ते दात आणि शिंगं. दात बघून वय कळतं: अडीच वर्षांच्या आसपास दोन दाती, साडेचार-पाचला आठ दात भरून जुळलेला. त्यापुढे दातांच्या झिजेवरून अंदाज. शिंगं साळून, तेल लावून, अंग धुऊन आणलेला दहा वर्षांचा बैल पाच-सहाचा म्हणून खपवणारे लोक आहेत, आणि तोंडात हात घालून दात चाचपताच डोळे मिचकावणारे म्हातारेही आहेत. आजवर हा दोन चतुरांमधला डाव समजला गेला. गंडवल्या गेलेल्या माणसाबद्दल लोक हळहळत नाहीत, हसतात.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला संशयाचा भाव देतो, आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारात येईनासे होतात. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल विभागून मिळालं. आपल्या बैलबाजारातल्या कोणत्याही दलालाने ऐकलं असतं तर यात नवीन काय, असं विचारलं असतं. मला त्या लेखात एक गोष्ट मात्र बैलाला लागू पडत नाही असं वाटतं. गाडीची खोड लपवली तर नुकसान घेणाऱ्याचं होतं. गाडीला काही होत नाही. बैलाची खोड लपवली तर ज्याला फसवलं तो माणूस चार दिवस चरफडतो, आणि पाचव्या दिवसापासून पराणी बैलाच्या अंगावर चालते. बसका बैल बसला की त्याला कळत नसतं की आपण कुणाच्या तरी सौद्यातलं खोटं उघडं पाडतोय. शेपटी पिरगाळली जाते ती त्याची.

म्हणूनच, माझ्या मते, खोड सांगायची ती केवळ समोरच्या माणसासाठी नव्हे. समोरच्याने विचारलं नाही तरी सांगायची. 'त्याने डोळे उघडे ठेवायला हवे होते' हा बचाव माणसापुरता चालेलही. ज्याच्या पाठीवर परिणाम उमटणार तो त्या सौद्यात बोलणाराच नव्हता.

कायदा इथे अर्धाच सोबत येतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात अदलाबदलीला स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात प्रत्येक पक्ष जे देतो त्यापुरता विक्रेता आणि जे घेतो त्यापुरता खरेदीदार मानलेला आहे; म्हणजे दोघांवरही दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या. पण कायद्याच्या लेखी बैल ही जंगम मालमत्ताच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या हिताचं कर्तव्य टाकतो. कासरा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की हे कर्तव्यही अख्खंच्या अख्खं पलीकडे जातं. देणारा मोकळा. नेमक्या या मोकळेपणाबद्दल मला बोलायचं आहे.

माणसांतही अदलाबदल होत आली आहे. साटंलोटं म्हणजे दोन घरांनी एकमेकांच्या मुली करणं. त्या प्रथेचं समर्थन करायची माझी बिलकूल इच्छा नाही. एका घरी सुनेला त्रास झाला की दुसऱ्या घरच्या सुनेवर त्याचा सूड निघायचा, हे उघड आहे. पण तिथेसुद्धा दिलेल्या मुलीला माहेर उरायचं. सणाला तिला आणायला कुणीतरी जायचं. बदललेल्या जनावराच्या मागे कुणी जात नाही. उलट त्या गावावरून जाताना माणूस वाट वाकडी करतो.

शहरात हौसेने प्राणी पाळणाऱ्यांची एक वेगळी दुनिया झाली आहे. कबुतरं आणि बजरीगर बदलणं जुनंच. आता गिनीपिग, हॅमस्टर, आणि पैसेवाल्यांत चिंचिला. चिंचिला आपल्याकडे ठेवणं हाच मुळात जुलूम आहे. चिलीच्या कोरड्या, थंड डोंगरात राहणारा हा खारीहून मोठा, सशाहून लहान जीव. त्याच्या एकेका केसमुळातून पन्नासाहून जास्त केस निघतात, त्यामुळे पंचविशीच्या वर पारा गेला की त्याचं अंग तापायला लागतं. आदिलाबादला मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. इथे वीज गेली आणि वातानुकूलन यंत्र बंद पडलं, तर ती दुपार त्याची शेवटची ठरू शकते. या केसांपायीच तो जवळजवळ संपला होता; एका कोटाला शंभराहून अधिक कातडी लागत. १९२३ साली मॅथायस चॅपमन नावाच्या अमेरिकी खाण अभियंत्याने चिलीतून जिवंत चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले, मोजून अकरा-बारा. आज जगभर पिंजऱ्यांत असलेले बहुतेक सगळे चिंचिला त्या मूठभरांच्या वंशातले मानले जातात.

एवढ्याशा रक्तावर एवढा विस्तार झाल्यावर पैदास करणाऱ्यांना रक्त पालटत राहावंच लागतं. म्हणून त्यांच्यात नराच्या बदल्यात नर, मादीच्या बदल्यात मादी देण्याची रीत आहे, आणि ती आपल्या जोड लावण्याइतकीच रास्त असू शकते. पण खोड इथेही आहे, आणि गंमत म्हणजे तीही दातांत. चिंचिलाचे दात जन्मभर वाढत राहतात. काहींचे वरचे-खालचे दात नीट भिडत नाहीत, मुळं जबड्यात घुसतात, खाणं सुटतं. हा दोष वंशातून येऊ शकतो आणि पुष्कळदा वरून दिसत नाही. शिवाय काही रंग असे आहेत की त्याच रंगाचे नर-मादी एकत्र आणले तर काही गर्भ जगतच नाहीत. ज्याला हे ठाऊक आहे आणि जो ते न सांगता प्राणी बदलून देतो, त्याची गोष्ट दहा वर्षांच्या बैलाचं वय लपवणाऱ्यापेक्षा वाईट आहे; बैलाची खोड बैलाबरोबर संपते, ही पुढच्या पिढ्यांत जाते.

हौशी लोकांना आपल्या अदलाबदलीचा एक अभिमान असतो: आम्ही विकत नाही. पैसे घेतले नाहीत म्हणजे व्यवहार स्वच्छ, प्राण्याचा मान राखला गेला, असा तो भाव. मला नेमकं उलट वाटतं. इमॅन्युएल कांटने १७८५ साली एक भेद केला होता: ज्याच्या जागी त्याच्या मोलाचं दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते, आणि ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा. प्राण्यांना त्याने किमतीच्याच बाजूला ठेवलं, तो भाग सोडून देऊ. पण त्याच्या मापाने बघितलं तर पैसे घेऊन विकणारा निदान एवढंच म्हणतो की याचे इतके रुपये होतात. बदलून देणारा म्हणतो की याच्या जागी हा चालेल. पहिल्याने प्राण्याला किंमत लावली; दुसऱ्याने त्याची जागा लगेच भरून टाकली. ज्याला नाव ठेवलं, ज्याचा फोटो पाहुण्यांना दाखवला, त्याची जागा.

अदलाबदलीत आणखी एक जण सापडतो, ज्याचा सौद्याशी काहीच संबंध नसतो. तो म्हणजे घरी बांधलेलं दुसरं जनावर. २०२२ साली लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, आणि गोठ्यात नवं जनावर आणलं तर वेगळं बांधा, हे गावोगाव सांगावं लागलं. लाळ्या-खुरकुताचा अनुभव तर पिढ्यांचा. विकत आणलेलं जनावर माणूस निदान संशयाने बघतो. ओळखीच्या माणसाशी बदललेलं मात्र थेट जुन्या दावणीला जातं. चिंचिलाच्या पिंजऱ्यातही हेच होतं. नायट्यासारखा कातडीचा रोग पाहुण्याच्या अंगावरून घरच्याच्या अंगावर जायला वेळ लागत नाही.

तर देणाऱ्याच्या मोकळेपणाचं काय करायचं? मला एकच अट सुचते: बदलून दिलेला प्राणी नव्या घरी रुळला नाही, तर तो परत घ्यायची तयारी. आपल्याकडे शेळी वाट्याने पाळायला देतात, त्यात हे आपसूक असतं. शेळी दुसऱ्याच्या दारी जाते, पिलांची वाटणी ठरते, पण मूळ धनी अधूनमधून येऊन शेळी बघून जातो, आजारी पडली तर बोलावलं जातो. जनावर हललं, नातं हललं नाही. चिंचिला पिंजऱ्यात दहा-पंधरा वर्षं, क्वचित वीसही जगतो. वीस वर्षांची हमी कोण देईल, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, फारसं कुणी देणार नाही, आणि मग असे बरेचसे व्यवहार होणार नाहीत. न होवोत. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन परदेशी प्रजातींच्या एका यादीची भर पडली. तिच्यातला प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करावी, हस्तांतरही कळवावं, असे नियम २०२४ साली आले. नोंद झाली म्हणजे प्राणी कुठे आहे ते कळतं. तो कसा आहे हे विचारायला मात्र कुणीतरी जावंच लागतं.

बैलाच्या बाबतीत ही अट मी शेतकऱ्याला घालू शकत नाही, हेही इथेच सांगायला हवं. आदिलाबादच्या काळ्या जमिनीत ज्वारीची जागा कपाशीने घेतली. ज्वारीबरोबर कडबा यायचा. कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत जातात, बैलाच्या पोटात नाही. पाच एकर कोरडवाहू असलेल्या कोलाम शेतकऱ्याला एक बसका बैल परत आला तर त्याला उन्हाळाभर काय घालायचं, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर माझ्यासारख्या बिनबैलाच्या माणसाने देण्यात अर्थ नाही. त्याने खोड सांगितली तर समोरचा भाव पाडणार, वर पैसे मागणार. न सांगितली तर पेरणी साधणार. त्याच्याकडून मी एवढंच मागेन की बैल बसतो हे सांगावं, आणि कधी बसतो तेही: उन्हात, चिखलात, की डाव्या बाजूला जुंपल्यावर. कारण डावीकडे जुंपल्यावर बसणारा बैल उजवीकडे कदाचित चालेलही, आणि तशीच जागा रिकामी असलेलं एखादं घर बाजारात सापडू शकतं. ज्याच्या घरात धान्याची आणि चाऱ्याची चिंता नाही, ज्याने प्राणी केवळ आवड म्हणून आणला, त्याला ही सवलत कशाच्या आधारावर द्यायची, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.