पुरावा न ठेवणारे गाणे

लेकीला बोलायचे आणि ते सुनेला लागायचे, ही आपल्या घरांतली जुनी विद्या. तिची खुबी अशी की सुनेला अर्थ तत्क्षणी कळतो आणि तरीही सासऱ्यापुढे फिर्याद न्यावी म्हटले तर दाखवायला तिच्या हाती काही उरत नाही. झिम्बाब्वेचा गायक थॉमस मापफुमो याच्या संगीताचा विचार करताना मला ही म्हण वारंवार आठवते. आफ्रिकेतील निषेधगीतांचा विषय निघाला की प्रथम नाव येते ते नायजेरियाच्या फेला कुटीचे, आणि ते यथायोग्यच आहे. लष्कराच्या आंधळ्या आज्ञाधारकतेची त्याने 'झॉम्बी' या गाण्यात उघड टवाळी केली, १९७७ च्या फेब्रुवारीत सैनिकांनी त्याची वसाहत जाळली, त्याच्या वृद्ध मातेला खिडकीतून खाली फेकले, आणि सरकारी चौकशीने या साऱ्याचे खापर एका 'अज्ञात सैनिका'वर फोडले. फेलाचे भांडण असे चव्हाट्यावरचे होते. मापफुमोची रीत निराळी, आणि मला विचारल्यास अधिक अवघड.

त्याने आपल्या संगीताला दिलेले 'चिमुरेंगा' हे नाव शोना भाषेतील लढ्याचे नाव आहे. १८९६-९७ साली ब्रिटिश कंपनीच्या अंमलाविरुद्ध झालेला उठाव याच नावाने ओळखला जातो. नेहांदा या आदिमातेचे वारे जिच्या अंगात येत असे, ती चार्वे नावाची स्त्री त्या उठावात अग्रभागी होती आणि १८९८ मध्ये तिला फाशी देण्यात आले. हे वारे ज्या वाद्यावर येते ते म्बिरा. लाकडी फळीवर जडवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी आणि तर्जनीने छेडायच्या, नाद घुमावा म्हणून ती फळी मोठ्या भोपळ्यात धरायची, आणि 'बिरा' नावाच्या विधीत रात्रभर वाजवून पितरांना पाचारण करायचे, असा तिचा आचार. मिशनऱ्यांना हे वाद्य खपत नसे, यात नवल नाही.

तरुण मापफुमो आरंभी बीटल्स आणि एल्व्हिस प्रेस्ली यांची गाणी गात असे. पुढे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी म्हांगुरा येथील तांब्याच्या खाणीवर, मजुरांच्या करमणुकीसाठी उभारलेल्या आणि 'हालेलुया चिकन रन बँड' असे विलक्षण नाव धारण करणाऱ्या वाद्यवृंदात, जोशुआ दुबे या गिटारवादकाने म्बिराची चाल गिटारवर उतरवली. तारा तळहाताने किंचित दाबून धरल्या की त्यांचा स्वर लांबत नाही, लोखंडी पट्टीसारखा तुटक उमटतो. आणि विधीत भोपळ्याचे खुळखुळे जो ठेका धरतात तो झांजेने धरला. वरवर पाहता ही कारागिराची एक युक्ती. पण तिच्यामुळे घडले असे की, ज्या चालीवर पितर येतात ती चाल बिअर पिणाऱ्या मजुरांच्या मेळाव्यात वाजू लागली, आणि ऐकणाऱ्याला शब्द सुरू होण्यापूर्वीच कळून चुकले की आपल्याला कोणीतरी हाक मारीत आहे.

तेव्हा देशावर राज्य करणाऱ्या इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारने १९६५ मध्ये ब्रिटनपासून परस्पर स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि सत्तरीच्या दशकात गनिमी युद्ध पेटले होते. सरकारपाशी दुभाषे होते, खबरे होते, नभोवाणी तर त्याच्या मुठीतच होती. त्यामुळे गाण्यांचा रोख त्याला उमगत नव्हता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कधीकधी तर मापफुमोने पडदा सारून मुलांना युद्धावर पाठवा असेही सांगितले. परंतु पुष्कळदा गाण्यात असे ती एखादी म्हण, एखादा विलाप, किंवा 'होकोयो!' म्हणजे 'सांभाळा!' एवढा इशारा; कोणी, कोणापासून सांभाळायचे, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. शब्दांचे भाषांतर करून दप्तरात नोंदवता येते, चालीचे नोंदवता येत नाही. अखेर सरकारने, आणीबाणीच्या कायद्यात मुभा होतीच, मापफुमोला आरोपपत्राविना सुमारे तीन महिने स्थानबद्ध करून ठेवले.

१९८० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि या कलेचा आधारच निघून गेला. नवे मंत्री त्याच म्हणींवर वाढलेले, तीच चाल ऐकून लढलेले. त्यांच्यापुढे लेक कोण आणि सून कोण? १९८८ मध्ये बुलावायोच्या 'क्रॉनिकल' या पत्राने असे उघडकीस आणले की, विलोवेल येथील मोटारींच्या कारखान्यातून मंत्री आणि बडे अंमलदार नियंत्रित दराने गाड्या घेत आणि चढ्या भावाने विकत. संपादक जेफ्री न्यारोटा यांना बढतीच्या मिषाने त्या जागेवरून हलवण्यात आले. पुढच्याच वर्षी मापफुमोचे गाणे आले आणि त्याचे नाव होते 'करप्शन'. गोऱ्यांच्या राज्यात शोनाच्या आडोशाने गाणारा हा माणूस स्वकीयांच्या राज्यात गाण्याला नाव देतो ते इंग्रजी, उघडे आणि कोणालाही समजेल असे. आणि त्याच सुमारास त्याच्या वाद्यवृंदात गिटारच्या जोडीला प्रत्यक्ष म्बिराही येऊन बसलेली असते. शब्दांचा पडदा गेला तेव्हा सुरांची मुळे त्याने अधिक खोल नेली, असे मला वाटते. कोणी याला योगायोग म्हटले तरी मी वाद घालणार नाही.

२००० च्या सुमारास तो अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात राहावयास गेला. तेथील श्रोते त्या तालावर मनापासून नाचत, मात्र शोना म्हण उकलणारा त्यांच्यात विरळाच. नोव्हेंबर २०१७ मध्ये झिम्बाब्वेचे राष्ट्राध्यक्ष मुगाबे पायउतार झाले, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये मापफुमो हरारेत पुन्हा गायला उभा राहिला, तेव्हा त्याचे वय बहात्तर होते आणि समोरच्या गर्दीत पुष्कळ जण असे होते की ज्यांचा जन्म 'करप्शन'नंतरचा.