मुलाखतींतील खरेपणा

नोकरीच्या मुलाखतीसाठीं तयारी करून जाणें हा एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच नव्हे काय, असा प्रश्न कित्येक सरळमार्गी तरुणांस पडतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. पाहुणा यावयाचा म्हणून घर झाडून ठेवणें हा दंभ नव्हे. शेजाऱ्याचीं भांडीं आणून तीं आपलीं म्हणून मांडणें हा मात्र दंभ होय.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत २०२५ गुणांपैकीं २७५ गुण मुलाखतीस आहेत, आणि आयोग तिला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. ज्ञानाची पारख लेखी उत्तरांत होऊन गेलेली असते. येथें पाहावयाचा तो माणूस. म्हणून उमेदवारानें आपला अर्ज पुन्हा वाचावा, केलेल्या कामाचा हिशेब मनाशीं जुळवावा, वेळेवर जावें. परंतु जें ठाऊक नाहीं तें ‘ठाऊक नाहीं’ असें शांतपणें सांगावें.

कोणी म्हणेल, ह्या खरेपणानें जागा हातची गेली तर? जाईलही, आणि घरीं मिळवत्या हाताची वाट पाहणारीं माणसें असतां तें नुकसान लहान नव्हे. परंतु मुखवट्यानें मिळविलेली जागा दुसऱ्या लायक उमेदवाराची असते, आणि तो मुखवटा पुढें सेवानिवृत्तीपर्यंत उतरवितां येत नाहीं.