मोजणाऱ्याची जागा

कुडपण हे पोलादपूर तालुक्याच्या कडेचे, सह्याद्रीच्या माथ्यालगतचे गाव. डोंगर ओलांडला की कोयनेचे खोरे लागते. मोरे आडनावाची माणसे डोंगराच्या दोन्ही अंगांना आहेत. जिल्ह्यांची हद्द फार मागाहून आली. नकाशा माणसांच्या मागून येतो आणि त्यांच्या आधीपासून असल्यासारखा वागतो.

अशा गावांत माहिती घ्यायला लोक येतात. शिरगणतीवाले, निवडणुकीचे, कधी कॉलेजची मुले. पडवीत घोंगडी अंथरली जाते. कोरा चहा आणि उत्तरे, दोन्ही पाहुणचारात मोडतात. विचारणाऱ्याला काय ऐकायचे आहे, हे सांगणाऱ्याला आधी कळलेले असते. त्या घोंगडीवर मीही बसलो आहे.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची सुरुवात उत्तरे न देणाऱ्यांपासून झाली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये त्यांनी कवट्या मोजल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व कवटीच्या ठेवणीत दिसावे, अशी अपेक्षा होती. मापांत ते दिसले नाही. इरावतीबाईंनी तसे लिहिले. पुढे फिशर यांची विद्या नाझी राजवटीच्या कामी आली. खोट कंपासात नव्हती. मोजायला बसण्याआधीच उत्तर ठरले होते. विद्वानाचे धैर्य बहुधा एवढेच असते: जे निघाले ते लिहिणे. तेवढेही पुष्कळांना जड जाते.

१९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज हे त्यांचे ठिकाण झाले. डोकी मोजली, नाकांची मापे घेतली, मग नाती मोजायला घेतली. त्या नात्यांचा ग्रंथ १९५३ चा. उत्तरेत मुलगी परक्या घरात देतात, दक्षिणेत आधीच्या नात्यात; महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. मराठा घरात मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. कुडपणच्या पडवीत हे सगळ्यांना माहीत असते. कारण विचारले तर ‘आपल्यात तसं नसतं’ एवढेच उत्तर येते. शास्त्र त्याच्यापुढे थोडेसेच जाते.

नंतर त्या पंढरीच्या वाटेने चालल्या. तेथे कंपास उपयोगाचा नव्हता. ज्या मुलखातली माणसे पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, असे त्यांना वाटेवर उमगले. त्याच वाटेवर ब्राह्मण बायकांची चूल वेगळी आणि मराठा बायकांची वेगळी, हेही त्यांनी पाहिले आणि लिहिले. भक्तीने भारावलेला माणूस सहसा चुली पाहत नाही. चुलीच पाहणाऱ्याला भक्ती दिसत नाही. दोन्ही दिसले की माणूस एकटा पडतो.

पुण्याने त्यांना मान दिला. धोंडो केशव कर्वे यांची सून, प्राचार्यांची पत्नी अशी ओळख आधी मिळाली, स्वतःची मागाहून. ‘परिपूर्ती’ या लेखात त्यांनी त्यावर मंद हसून लिहिले आहे. ज्याला समाजात स्थान असते त्याला आपले स्थान मोजता येत नाही. त्यांना ते बऱ्यापैकी जमले.

‘युगान्त’ १९६७ चे. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. गांधारी, कुंती, द्रौपदी माणसांच्या मापात आल्या. वाचक हलले, वाद झाले. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांचे आणि जाई निंबकर यांचे दुसरे एक पुस्तक आले. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची ती पाहणी. शंभराच्या आसपास गावे पाण्याच्या टप्प्यात आली होती. काही माणसे देशावर पाठवली गेली, काही घाट उतरून कोकणात आली. बरीच माणसे जमीन बुडाली तरी गाव सोडवेना म्हणून तिथेच डोंगरात वर सरकली. पाहणी झाली तेव्हा पाणी चढून गेले होते. समाजशास्त्र बहुतेक वेळा पाण्यानंतरच पोहोचते. आधी पोहोचते ती मोजणी खात्याची साखळी.

दोन्ही पुस्तकांमागची नजर एकच होती. वाचक एक नव्हते. हस्तिनापुरातल्या बाईचे दुःख दिवाणखान्यात बोलता येते. त्याची भरपाई कुणाला द्यायची नसते. कोयनेच्या खोऱ्यातल्या बाईच्या दुःखाला सातबारा जोडलेला असतो. विचारवंताला लोक आनंदाने ऐकतात, पण कशाविषयी ऐकायचे ते स्वतः ठरवतात.

कुडपण धरणाखाली गेले नाही. तरी दारांना कुलपे आहेत. या तालुक्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली: आधी गिरण्यांत, मग मिळेल तिथे. शिमग्याला आणि गणपतीला परततात, अंगण सारवतात, पालखी नाचवतात, पुन्हा एस.टी. धरतात. गाव पाण्याने उठवले तर त्याला विस्थापन म्हणतात. पोटाने उठवले तर नशीब म्हणतात, आणि त्याची पाहणी होत नाही. शिरगणतीत बंद घर बंद म्हणूनच नोंदले जाते. आतले कुठे गेले, हा रकान्याचा प्रश्न नसतो.

इरावतीबाई ऑगस्ट १९७० मध्ये गेल्या. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा. त्या कायद्यामागे धरणग्रस्तांचे मोर्चे होते. पाहणीचा वाटा किती होता, ते कुणी मोजलेले नाही.