धूर विरल्यावर

काळ्या दारूची बंदूक वापरली की त्याच रात्री धुवावी लागते. बार उडाल्यावर उरलेली काजळी हवेतला ओलावा ओढते आणि नळी आतून गंजू लागते. त्या रात्री तंबूबाहेर मी पाणी गरम केलं, गजाला चिंधी गुंडाळली, काळं पाणी थांबून स्वच्छ पाणी येईपर्यंत नळी धुतली, कोरडी केली, तेल लावलं. अर्धा तास, अगदी मन लावून. त्याच वेळी तिथून दीड-दोन किलोमीटरवर, मी गोळी मारलेली एल्कची मादी ॲस्पेनच्या झाडीत कुठेतरी होती. मेलेली की जिवंत, ते मला आजही सांगता येत नाही. सोबतच्या दोघांना मी सांगितलं होतं, "नेम चुकला."

कोलोरॅडोत सप्टेंबरमध्ये ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो, नऊ दिवसांचा. दुर्बीण लावायची नाही, उघड्या माशीवरूनच नेम धरायचा. दारू सुटी, मोजून ओतायची. तयार गोळ्यांच्या स्वरूपातली चालत नाही. एल्कसाठी नळी किमान पॉइंट फिफ्टीची, म्हणजे अर्ध्या इंचाची हवी. मला हे सगळं फार आवडायचं. 90 ग्रेन, म्हणजे जेमतेम 6 ग्रॅम दारू ओतायची, चरबी लावलेल्या सुती चिंधीत शिशाची गोळी बसवायची, गजाने तळापर्यंत ठासायची, आणि शेवटी निपलवर तांब्याची इवलीशी टोपी. आमचे आजोबा तिला केप म्हणत. कुडाळकडच्या आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर त्यांची ठासणीची बंदूक असायची. परवाना शेतीसंरक्षणाचा. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि भिंतीवर तिच्या आकाराचा उजळ पट्टा उरायचा. 1972चा वन्यजीव कायदा आल्यानंतर आजोबांनी ती फक्त बार काढून डुकरं हुसकवायला वापरली, असं घरात सांगतात. मी कधी खोलात गेलो नाही.

डेन्व्हरला येऊन बरीच वर्षं झाल्यावर या नादाला लागलो. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला चकमक झाडून जळक्या कापडावर ठिणगी धरता आली, की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. हरणाचं कातडं त्याच्याच मेंदूने कमावून, धुरी देऊन मऊ करायला शिकलो. जुन्या ‘माउंटन मॅन’ लोकांचा वेश करून जमणाऱ्या मंडळींच्या मेळ्यांना जाऊ लागलो. आता हसू येतं, कारण त्या कातडी अंगरख्यावरही कायद्याने कमरेच्या वर 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड घालावंच लागतं. 1830 सालचा माणूस, वर रस्तादुरुस्तीच्या कामगाराचं जाकीट.

ज्यांचा वेश मी घालत होतो, त्यांच्याकडेही कधी नीट पाहिलं नाही. पहिला रॉन्देव्हू, म्हणजे सापळेवाल्यांचा वार्षिक व्यापारी मेळा, 1825चा, शेवटचा 1840चा. सगळं मिळून पंधरा वर्षांचं राज्य. हे लोक रानाच्या प्रेमापोटी रॉकी पर्वतात गेले नव्हते. युरोपातल्या टोप्यांसाठी बीव्हरची लोकर हवी होती, म्हणून बर्फाच्या पाण्यात उभं राहून सापळे लावत होते. वर्षभराची कातडी रॉन्देव्हूत द्यायची आणि अव्वाच्या सव्वा भावाने दारू, तंबाखू, शिसं घ्यायचं; बरेच जण कर्जात बुडालेले. स्नेक नदीच्या खोऱ्यात तर हडसन्स बे कंपनीने अमेरिकन सापळेवाल्यांना वाट राहू नये म्हणून ठरवून बीव्हर संपवला. 1840पर्यंत बीव्हर विरळ झाला आणि टोप्या रेशमाच्या होऊ लागल्या. ज्याला आम्ही त्यांची विद्या म्हणतो, त्यातलं बरंचसं शोशोनी, क्रो अशा लोकांकडून आलेलं. हे सगळं मला माहीत होतं. मेळ्यात बोलायला बरं वाटत नसे, म्हणून बोलत नसे.

ह्यू ग्लासची गोष्ट मात्र मी रंगवून सांगायचो. ‘द रेव्हनंट’ पाहिलेल्यांना ती ठाऊक असेल. 1823 साली अस्वलीने फाडलेला माणूस. त्याच्याजवळ थांबायला दोघांना मागे ठेवलेलं. ते दोघे त्याची बंदूक घेऊन निघून गेले आणि तुकडीला गाठून म्हणाले, तो मेला. तो सरपटत फोर्ट कायोवापर्यंत पोचला. त्या शुक्रवारी शेकोटीपाशी मी हीच गोष्ट सांगितली आणि त्या दोघांना यथेच्छ शिव्या घातल्या.

रविवारी संध्याकाळी ती मादी झाडीच्या कडेला आली. दोन-सव्वादोनशे किलोचं जनावर, पण पाऊल वाजत नव्हतं. माझ्या गोल गोळीचा पल्ला मी स्वतःच ठरवलेला होता: सत्तर पावलं, त्यापुढे नाही. ती लांब होती आणि मला ते दिसत होतं. पण हंगामाचा शेवटचा दिवस, सोमवारी सकाळी ऑफिस, आणि नऊ दिवसांत एकही संधी न मिळालेली. चाप ओढला. पांढऱ्या धुराची भिंत उभी राहिली, गंधकाचा वास आला, आणि धूर विरल्यावर समोर काही नव्हतं. नंतर पावलं मोजली: एकशे अठरा. तिथे गवतावर केसांचा पुंजका होता आणि एका पिवळ्या पानावर काळपट रक्त, नाण्याएवढं. आतड्याला लागलं असावं. तासभर माग काढला. मग पावसाची सर आली, अंधार पडला आणि मी परतलो.

खोटं का बोललो? पल्ला मोडल्याची लाज, हे एक. पण खरं कारण क्षुद्र आहे. खरं सांगितलं असतं तर रात्रभर शोधावं लागलं असतं आणि सोमवारची सुट्टी टाकावी लागली असती. मला घरी जायचं होतं.

आणखी एक गोष्ट मी आजवर स्वतःशीही बोललो नव्हतो. जुनी बंदूक हातात घेतली की आपण जनावराला संधी देतो, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो. एकच बार, आखूड पल्ला, पुन्हा भरायला अर्धं मिनिट. ही अडचण मी हौसेने पत्करलेली. ती भोगली मात्र तिने. चांगल्या रायफलीने, किंवा त्याच बंदुकीने सत्तर पावलांवरून, ती बहुधा जागीच पडली असती. आजोबांकडे ठासणीची होती कारण तीच होती. आणि त्यांचा नियम घरातल्या पोरांना पाठ होता: "लागलला जनावर रानात टाकून घराक येवचा नाय."

तीन आठवड्यांनी मी दोघांपैकी थोरल्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो रागावला नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "किती वाजता मारलीस?" मी सांगितलं, सव्वासहा. "मग त्याच रात्री का नाही बोललास? आम्ही दोघे मोकळे होतो. तिघांकडे दिवे होते."

मला उत्तर देता आलं नाही.

शिकार मिळाली तर परवान्यासोबतचा टॅग सही करून जनावराला बांधायचा असतो. माझा टॅग कोरा आहे, टेबलाच्या खणात. हंगामानंतर वन्यजीव खात्याची प्रश्नावली आली, तिच्यात मी ‘शिकार मिळाली नाही’ असं भरून पाठवलं.