न ऐकू येणारा नाद

पहाटेच्या या शांततेत आपल्याला दूरचा कोंबडा ऐकू येतो, नळाची धार ऐकू येते. पण याच घटकेला कोणीतरी अंथरुणावर उठून बसलेले असते, आणि त्याच्या कानात अखंड किर्र चालू असते. आपल्याला ते ऐकू येत नाही.

आयुर्वेदाला परिचित असलेल्या या कर्णनादाला कधी भोवळीची जोड मिळते. मग ती पुन्हा केव्हा, कोठे गाठील या धास्तीने मन पोखरते. धास्तीने नाद तीव्र भासतो, आणि नादाने धास्ती वाढते.

भोवळ म्हणजे मेंदूचाच विकार, असा वैद्यकात दृढ समज असताना, पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली तिचे मूळ अंतर्कर्णातही असू शकते, असे विद्वानांपुढे मांडले. फिर्याद इतकी वर्षे भलत्यावरच होती म्हणायची!

आपण मात्र आप्तांच्या व्यथेला, घर म्हणजे जणू कचेरी, अशा थाटात पुरावा मागतो. आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून ते नाहीच, असा निवाडा देऊन मोकळे होतो. हा निवाडा अन्यायाचा आहे.

तेव्हा घरात कोणी ‘कान वाजतो, गरगरते’ म्हणाले, तर ‘मनाचे खेळ’ म्हणू नका. त्यांना हात धरून बसवा. रात्री निःशब्दता छळत असेल, तर पंख्याचा मंद आवाज राहू द्या. आणि कानाच्या डॉक्टरांकडे त्यांना एकटे पाठवू नका. आपण स्वतः सोबत जा.