न विचारलेली साक्ष

लहानपणीची आठवण हा पुरावा नसून ती एक प्रकारची कादंबरीच असते, असा निर्वाळा एका निवृत्त न्यायमूर्तींनी यंदाच्या एका व्याख्यानमालेत दिला, आणि पहिल्या रांगेतील मंडळींनी, ज्यांपैकी निम्म्यांनी आपापल्या बालपणाच्या आठवणी पदरमोड करून छापलेल्या आहेत, त्यावर मनसोक्त टाळ्या वाजवल्या. विषय होता भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या स्थलांतरितांच्या होड्यांचा. त्यांतून वाचलेल्या मुलांच्या हकिकती वर्तमानपत्रांत येतात, वाचक हळहळतात. न्यायमूर्तींच्या मते त्या हकिकतींचा हळहळण्यापलीकडे काडीचाही उपयोग करू नये, कारण मूल पाहिलेले सांगत नाही, त्याच्याकडून जे अपेक्षित असेल ते सांगते.

या मताला त्यांनी आधार घेतला तो व्हारेन्डॉन्क या बेल्जियन मानसशास्त्रज्ञाचा, आणि तो आधार कच्चा नाही हे प्रथमच मान्य केले पाहिजे. एका लहान मुलीच्या खुनाचा खटला चालू असता, तिच्या सवंगड्यांच्या जबान्यांवर आरोपीची मान अडकलेली पाहून, या गृहस्थाने १९११ साली शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. सात वर्षांच्या मुलांना त्याने एका परिचित शिक्षकाच्या दाढीचा रंग विचारला. बहुतेकांनी रंग सांगितला. शिक्षकाला दाढी नव्हती! यावरून सुधारलेल्या राष्ट्रांनी न्यायालयात मुलांचे ऐकणे आता सोडून द्यावे, असा निष्कर्ष त्याने काढला. प्रयोग खरा, हेतू सद्बुद्धीचा, आणि त्या खटल्यापुरता त्याचा इशाराही रास्त. परंतु त्या प्रयोगात दाढी प्रथम कोणी लावली? मुलांनी नव्हे. ती प्रश्नातच होती. थोरांच्या प्रश्नात दडलेले असत्य लहानांनी सौजन्याने परत केले, एवढेच त्यातून सिद्ध होते; आणि एवढ्यावर शिक्षा ठोठवायची तर ती प्रश्नकर्त्याला ठोठवली पाहिजे. जिथे कोणी काही विचारलेच नाही, तिथे व्हारेन्डॉन्कचा नियम कसा लावायचा, याविषयी न्यायमूर्ती बोलले नाहीत.

असे एक उदाहरण इतिहासाने दुसऱ्याच वर्षी, जणू मुद्दाम, त्याच वयाचे पुरवले आहे. लंडनच्या पूर्वेस इलफर्ड येथे जन्मलेली एव्हा हार्ट ही सात वर्षांची मुलगी एप्रिल १९१२ मध्ये आईबापांबरोबर कॅनडातील विनिपेगला कायमच्या वस्तीसाठी निघाली. बाप बेंजामिन हा इमारती बांधणारा. नव्या देशात औषधांचे दुकान काढण्याचा त्याचा बेत होता. त्यांची तिकिटे वास्तविक ‘फिलाडेल्फिया’ जहाजाची; परंतु कोळशाच्या खाणींतील संपामुळे ते जहाज सुटेना, म्हणून त्यांना ‘टायटॅनिक’वर दुसऱ्या वर्गात जागा मिळाली. जे जहाज बुडूच शकत नाही असे लोक म्हणतात ते देवाला आव्हान देते, अशी आई एस्थरची धारणा होती, आणि म्हणून ती दिवसा झोपे व रात्री कपड्यानिशी जागी बसे. या आईला भ्रमिष्ट म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण १४ एप्रिलच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास जहाज हिमनगावर घासले तेव्हा ती जागी होती. बापाने दोघींना १४ क्रमांकाच्या होडीत बसवले आणि तो मागे राहिला. पुढे उतारूंना एका होडीतून दुसरीत हलवण्याच्या गडबडीत मुलीची आईशी ताटातूट झाली. दोघींची भेट झाली ती ‘कार्पेथिया’ जहाजावर. विनिपेग राहिले बाजूला. मायलेकी इंग्लंडला परतल्या.

जहाज बुडण्यापूर्वी दुभंगले, असे ही मुलगी सांगे, आणि आयुष्यभर तेच सांगत राहिली. लंडनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखाली २ मे ते ३ जुलै १९१२ या काळात चौकशी झाली. पंचवीस हजारांवर प्रश्न विचारले गेले, आणि अहवालाने ठरवले की जहाज अखंड बुडाले. अमेरिकन सेनेटच्या चौकशीनेही तेच ठरवले. त्यानंतर त्र्याहत्तर वर्षे हे सरकारी सत्य ग्रंथांतून छापले गेले. आणि १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड व झाँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेला ते जहाज सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडले, तेव्हा त्याचा नाळेकडचा भाग एकीकडे आणि पिछाडी सुमारे ६०० मीटर दूर दुसरीकडे पडलेली होती. म्हणजे सूचनावश होण्याचा दोष या प्रकरणात असलाच तर तो मुलीच्या अंगी नव्हता. सारे जग तिला उलट दिशेने सुचवीत होते आणि ती वळली नाही.

यावर आक्षेप येईल की सात वर्षांच्या मुलीने आईच्या तोंडून ऐकलेले स्वतःचे म्हणून साठवले असेल. असेल. परंतु मग आक्षेप मुलीवर राहत नाही, तो एस्थरवर जातो, आणि एस्थर तर सज्ञान होती.

इथे वादाचा रोखच बदलतो, आणि न्यायमूर्तींशी माझे भांडण वयावरून आहे असे जे या लेखात आतापर्यंत दिसत होते ते पुरेसे उरत नाही. चौकशीचे दफ्तर उघडून पाहिले की आढळते ते असे: जहाज तुटताना पाहिले अशी जबानी देणारे खलाशीही होते, चांगले दाढीमिशा आलेले आणि समुद्रावर उभा जन्म काढलेले. त्यांचेही ऐकले गेले नाही. ग्राह्य धरले गेले ते लायटोलर या दुय्यम अधिकाऱ्यासारख्यांचे, ज्यांच्या मते जहाज अखंड गेले. तेव्हा साक्षीदाराची पारख वयाने झालीच नव्हती. ती हुद्द्याने झाली होती. बालिशपणाचा आरोप हा मुलांसाठी राखून ठेवलेला नसतो. ज्याची साक्ष गैरसोयीची, त्याला आधी मूल ठरवायचे आणि मग मुलांवर विश्वास ठेवू नये असे शास्त्र सांगायचे, ही सत्तेची जुनी वहिवाट आहे.

न्यायमूर्तींना संस्कृत शास्त्रांचा अभिमान आहे, म्हणून त्यांच्याच अंगणात चार पावले जातो. प्रमाण कोणाचे मानावे, हा प्रश्न आमच्या नैयायिकांनी दीड हजार वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने न्यायभाष्यात दिलेले लक्षण असे की ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असे तो आवर्जून सांगतो. जातीपातींनी जखडलेल्या समाजात बसून एका ब्राह्मण भाष्यकाराने ज्ञानाच्या बाबतीत म्लेच्छाला ऋषीच्या पंक्तीला बसवावे, हे धाडस मला लॉर्ड मर्सींच्या सभागृहातल्या सगळ्या टोपांहून अधिक सुसंस्कृत वाटते. त्या यादीत वयाची अट नाही. मीमांसक तर याहून पुढे जातात. कुमारिल भट्टाच्या मते ज्ञान हे स्वतःच प्रमाण असते. ते अप्रमाण ठरवायचे तर एकतर त्याला बाधणारे दुसरे ज्ञान दाखवा, नाहीतर ते ज्या साधनाने झाले त्यात दोष दाखवा. ओझे शंका घेणाऱ्यावर आहे. ‘ती लहान होती’ हा साधनातील दोष ठरू शकेल, पण तो दाखवावा लागतो, गृहीत धरता येत नाही. गंमत अशी की इंग्रजांनी आम्हांला दिलेला, २०२४ पर्यंत लागू असलेला १८७२चा पुरावा कायदाही इथे कुमारिलाच्या बाजूचा होता: कोवळ्या वयामुळे प्रश्न समजत नसेल किंवा सयुक्तिक उत्तर देता येत नसेल तरच साक्षीदार अपात्र, एरवी प्रत्येक इसम साक्ष देण्यास पात्र. न्यायमूर्तींनी या कलमाखाली आपल्या कारकिर्दीत कितीतरी मुलांना पिंजऱ्यात उभे केले असेल; सेवानिवृत्तीबरोबर त्यामागचे तत्त्वही निवृत्त झाले असे त्यांना वाटले असावे.

म्हणून मुलांचे सगळेच खरे मानावे, असे मी म्हणत नाही. वाद्यवृंदाने शेवटी अमुक भजन वाजवले असे एव्हा हार्ट ठामपणे सांगे, आणि त्यावर इतर वाचलेल्यांच्या जबान्यांशी मेळ न बसल्यामुळे वाद अजून मिटलेला नाही. कुमारिलाच्या कसोटीवर जहाज दुभंगल्याचे पहिले विधान टिकते, भजनाचे दुसरे लोंबकळते. आणि तसे ते लोंबकळू देणे यातच न्याय आहे. स्वतः एव्हा पुढे इंग्लंडात मॅजिस्ट्रेट झाली. जिची जबानी कोणी घेतली नाही तिने इतरांच्या जबान्या तोलल्या, यावर टिप्पणी करण्याचा मोह मी आवरतो. उलट बाजारपेठेने मात्र तिची दखल घेतली: त्या जहाजावर एस्थरने लिहिलेले आणि तळाशी मुलीच्या अक्षरात एक ओळ असलेले पत्र २०१४ साली लिलावात १ लाख १९ हजार पौंडांना गेले. मुलाचे अक्षर विकत घेता येते. ऐकून घेणे महाग पडते.

एव्हा दुसऱ्या वर्गाची होती, हेही विसरू नये. तिसऱ्या वर्गात नऊ वर्षांचा फ्रँक गोल्डस्मिथ हा मुलगा आईबापांबरोबर केंटहून डेट्रॉइटला चालला होता. बाप गेला, आई मुलाला घेऊन ठरल्या गावी पोहोचली. जहाज बुडताना तिने त्याचे डोके धरून तोंड फिरवले होते, त्यामुळे त्याच्यापाशी उरला तो केवळ कानांचा पुरावा. त्यांच्या वस्तीजवळच बेसबॉलचे नेव्हिन फील्ड नावाचे मैदान होते, जहाज बुडाल्यानंतर पाचव्या दिवशी सुरू झालेले. तिथे फटका बसला की उठणारा जमावाचा गलका त्याला पाण्यातल्या माणसांच्या आरोळ्यांसारखा वाटे, आणि मोठेपणी त्याने आपल्या मुलांना सामना पाहायला कधीच नेले नाही. जानेवारी १९८२ मध्ये तो वारला आणि त्याची रक्षा जहाज बुडाले त्या जागी समुद्रात सोडण्यात आली. तो ज्या होडीतून वाचला त्याच होडीतून जहाज चालवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष ब्रूस इस्मे हेही वाचले होते. इस्मे यांची साक्ष तपशीलवार झाली. जहाज बुडताना आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो, हे त्यांनी शपथेवर सांगितले.

लॉर्ड मर्सींच्या अहवालाने असेही नमूद केले की तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना कोणतीही गैरवागणूक मिळाली नाही. दुसऱ्या वर्गातील २४ मुलांपैकी २४ वाचली. तिसऱ्या वर्गातील ७९ पैकी २७. त्या वर्गाच्या वतीने एक वकील चौकशीत उभा होता, पण साक्षीसाठी त्या वर्गातील एकाही उतारूला, लहान वा मोठ्या, बोलावण्यात आले नाही.